मग विकत घेतला, म्हणजे नेमकं काय घेतलं?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ओरलँडो शहरालगत वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पसरलेलं आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झालं. आज तिथे चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं आहेत. सगळा पसारा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. तिथल्या किल्ल्यांबद्दल, राइड्सबद्दल, रात्रीच्या आतषबाजीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते या नगरीत विकल्या जाणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या मगाबद्दल.

हॉटेलांच्या फूड कोर्टात हा मग मिळतो. वर झाकण, हातात धरायला भक्कम कान, अंगावर मिकी माऊस आणि मंडळी. किंमत वीस डॉलरच्या थोडी वर. एकदा घेतला की मुक्काम संपेपर्यंत हॉटेलांमधल्या यंत्रांवर तो हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. कोला, लेमोनेड, चहा, कॉफी, गरम चॉकलेट, काय वाट्टेल ते. फक्त थीम पार्कांच्या आत तो चालत नाही. हिशेब अगदी सरळ दिसतो.

आणि तरीही या मगावरून माणसं वर्षानुवर्षं हिरिरीने भांडत आली आहेत. मागच्या सहलीत घेतलेला मग या वेळी बॅगेतून आणला, तर तो भरायचा की नाही? नवराबायकोत मिळून एक चालेल का? मग खोलीत विसरला म्हणून कागदी पेला भरला, तर ती चोरी का? मुलाच्या मगातून बापाने सकाळची कॉफी घेतली तर? एरवी कुणाच्या पाच पैशांनाही हात न लावणारी माणसं या प्रश्नांची अगदी उलटसुलट उत्तरं देतात आणि दोन्हीकडच्यांना आपलंच बरोबर आहे याची खात्री असते.

मला हा वाद मुळीच क्षुल्लक वाटत नाही. किंमत कशी ठरते, मालकी कशाला म्हणायचं, आणि दुसऱ्याने नियम मोडला की आपला तिळपापड का होतो, हे तिन्ही मोठे प्रश्न या एका मगात मावले आहेत. त्याच्या तळाशी बसवलेली वस्तू तर थक्क करणारी आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी वाद समजून घेऊ.

दोन बाजू

२०१३ पर्यंत हा कारभार मुख्यतः विश्वासावर चालायचा. यंत्राचा दांडा मगाने दाबला की पेय यायचं. मग आज घेतलेला की पाच वर्षांपूर्वीचा, हे यंत्राला कळत नव्हतं. नियम मात्र होता: ज्या मुक्कामात मग घेतला, त्या मुक्कामापुरताच तो भरायचा.

जुना मग घेऊन येणाऱ्याची बाजू अशी: 'मी रोख पैसे मोजून हा घेतला. तो माझा आहे. घरी रोज त्याच्यातून चहा पितो, येणारे-जाणारे बघतात, कंपनीची फुकट जाहिरात होते. आता पुन्हा हजारो डॉलर खर्चून इथे आलोय. पेलाभर कोल्याने यांचं काय जाणार?'

दुसरी बाजू: 'तू पैसे भरलेस ते त्या मुक्कामाचे. मुक्काम संपला, व्यवहार संपला. आता तू जे पितोस त्याचा भार माझ्यावर पडतो, कारण सगळेच तुझ्यासारखे वागले तर पुढच्या वर्षी मगाची किंमत वाढेल.'

दोघंही मग या एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असं वाटतं, पण तसं नाही. पहिला भांड्याबद्दल बोलतोय आणि दुसरा मुदतीबद्दल. वीस डॉलरच्या त्या व्यवहारात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: प्लॅस्टिकचं भांडं, त्यातलं पेय, आणि काही दिवस ते कितीही वेळा भरण्याचा हक्क. भांडं कायमचं तुमचं. पेय प्यायलात की संपलं. हक्काला तारीख आहे. हातात धरता येते ती वस्तू यांतली सर्वांत स्वस्त, आणि ज्याला खरी किंमत आहे ते दिसतच नाही. न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या वस्तूत घालून विकली की घोटाळा होणार, हे ठरलेलंच.

पण कंपनीने असं विकावंच का? प्रत्येक पेल्याचे वेगळे पैसे घेतले असते तर वादच उरला नसता. याचं उत्तर शोधायला डिस्नेच्याच इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

कूपनांची वही आणि एक अर्थतज्ज्ञ

डिस्नेलँड हे पहिलं उद्यान कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. तिथे आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे. काही महिन्यांतच कूपनांच्या वह्या निघाल्या. साध्या राइडला ए कूपन, त्याहून बऱ्या राइडला बी, मग सी. पुढे डीची भर पडली आणि १९५९ साली ई आलं. सर्वांत थरारक राइड्स ई कूपनावर. पालक वही घेऊन हिशेब करत फिरायचे, आणि पुष्कळांच्या घरी न वापरलेली ए-बी कूपनं तशीच उरायची.

फेब्रुवारी १९७१ मध्ये, म्हणजे फ्लोरिडातलं उद्यान उघडण्याच्या आठ महिने आधी, वॉल्टर ओई या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. शीर्षकातच डिस्नेलँड आणि मिकी माऊस होते. आतला विचार मात्र अतिशय काटेकोर. आजही जगभरच्या विद्यापीठांत तो अभ्यासला जातो. ओई जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा लहानग्या ओईंच्याही वाट्याला ते आलं. पुढे हळूहळू त्यांची दृष्टी गेली. अशा माणसाने आकडेमोडीतून जगातल्या सर्वांत झगमगीत उद्यानाचं गणित उलगडून दाखवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांचा प्रश्न असा होता: मालकाने पैसे दारावर घ्यावेत की राइडवर? समजा, राइडमधल्या एका खुर्चीत कुणीच बसलेलं नाही. तिथे आणखी एक माणूस बसला तर मालकाचा जादा खर्च जवळपास शून्य. पण राइडला वेगळे पैसे असतील तर ज्याला थोडीशीच हौस आहे तो विचार करून बाजूला होतो. खुर्ची तशीच फिरते. त्याची मजा हुकते आणि मालकाच्या पदरातही काही पडत नाही. त्यापेक्षा राइडची किंमत तिच्या जादा खर्चाइतकीच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, अशी ठेवावी आणि दिवसभराच्या मजेचं मोल दारावर एकरकमी घ्यावं. माणसं मनसोक्त फिरतात, आणि ती मनसोक्त फिरणार आहेत म्हणूनच दारावर जास्त द्यायला तयार होतात. सगळी गिऱ्हाइकं सारखी नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातलं गणित यापेक्षा किचकट होतं. ओईंनी तेही मांडलं आहे, पण गाभा हाच.

१९८२ साली डिस्नेने कूपनं बंद केली. तेव्हापासून दारावर एकदा तिकीट काढायचं आणि आत हव्या तेवढ्या राइड्स घ्यायच्या.

मगाची गोष्ट तीच आहे. मग विकत घेणं म्हणजे दारावरचं तिकीट, आणि प्रत्येक भरणं म्हणजे एक राइड. ओईंच्या मांडणीला एक पथ्य मात्र सांभाळावं लागतं. दारावरचं तिकीट ज्याचं त्याने काढलं पाहिजे; ते हातोहात फिरता कामा नये. एकाने तिकीट काढून दहा जण आत गेले की सगळी इमारत कोसळते. मगाचे सगळे नियम या एका पथ्यातून निघाले आहेत.

पेल्यात काय असतं

आणखी एका पेल्याचा जादा खर्च खरोखरच इतका कमी असतो का? यंत्राच्या मागे काय चालतं ते पाहिलं की खात्री पटते.

फाउंटनवर मिळणारा कोला तयार होऊन येत नाही. खोक्यातल्या जाड पिशवीत त्याचा घट्ट पाक येतो. अशा एका खोक्यात बहुधा पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरच्या आसपास पाक असतो. हॉटेलच्या नळाचं पाणी गाळलं जातं, थंड केलं जातं आणि दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवला जातो. पाणी जितकं गार, तितका वायू त्यात जास्त मुरतो; म्हणून थंडाव्याला चवीइतकंच महत्त्व. पाक एका नळीतून, सोडा दुसऱ्या नळीतून येतो आणि दोघांची गाठ पडते ती थेट तोटीशी, तुमच्या डोळ्यांसमोर. प्रमाण साधारण पाच भाग सोडा आणि एक भाग पाक. म्हणजे पाच गॅलन पाकाचं तीस गॅलन पेय होतं. अर्ध्या लिटरला थोडा कमी असा पेला धरला तर एका खोक्यातून दोनशे चाळीस पेले निघतात. बर्फ घातला तर त्याहून जास्त.

तिथेच एक सुटा पेला साडेचार-पाच डॉलरला मिळतो. त्यातला पाकाचा आणि वायूचा वाटा अगदी किरकोळ. बाकीचे पैसे जागेचे, यंत्राचे, पुसायला ठेवलेल्या माणसाचे आणि फ्लोरिडातल्या उन्हाचे. थोडक्यात, 'पेलाभर कोल्याने यांचं काय जाणार' हे जुन्या मगवाल्याचं म्हणणं खोटं नाही. एका पेल्याने काहीच जात नाही.

तरीही नियम का लागतो, हे महाराष्ट्रात थाळी खाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अमर्याद थाळीच्या खाणावळीत तुम्ही एकट्याने दहा पोळ्या खा, वाढपी अकरावी घेऊन हजर होतो. पण त्यातली अर्धी पोळी शेजारी बसलेल्या, थाळी न घेतलेल्या मित्राच्या हातावर ठेवा. मालक लगेच भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो. तुम्ही किती खाता याला तिथे हरकत नसते. एका ताटात दोघांनी जेवण्याला असते. एका माणसाच्या भुकेला मर्यादा आहे, या भरवशावरच मालकाने दर लावलेला असतो. मगाचंही असंच. एक माणूस दिवसात किती पिऊ शकेल याचा कंपनीने अंदाज बांधलेला आहे. चौघांनी मिळून एक मग वापरला की अंदाज चौपट चुकतो. थाळी मात्र खाणावळीतच राहते आणि मग घरी जातो. म्हणून थाळीला माणसाची अट पुरते आणि मगाला दिवसांचीही घालावी लागते.

तळाशी बसलेला पहारेकरी

२०१३ मध्ये डिस्नेच्या हॉटेलांत 'रॅपिड फिल' नावाची व्यवस्था आली आणि मगाच्या तळाशी एक चिप बसली. विकताना ती तुमच्या मुक्कामाच्या दिवसांसाठी चालू करतात. यंत्राच्या जाळीवर ठरलेल्या जागी मग ठेवायचा. यंत्र चिप वाचतं, समोरच्या छोट्या पडद्यावर तुमचे किती दिवस उरले ते दाखवतं आणि तोटी खुली करतं. मुदत संपली असेल तर तोटी बंदच राहते. सुट्या पेयासोबत मिळणाऱ्या कागदी पेल्यालाही अशीच चिप असते. तो ठरावीक वेळात ठरावीक वेळाच भरता येतो.

या चिपला बॅटरी नसते. मग धुवा, उलटा पालथा ठेवा, आठवडाभर पोहण्याच्या तलावाकाठी न्या. तिला कधी चार्ज करावं लागत नाही. तरी प्रत्येक वेळी ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हे कसं होतं?

अशा चिपभोवती धातूच्या बारीक तारेचं किंवा पट्टीचं वेटोळं असतं. वाचक यंत्र आपल्याभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं आलं की त्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं होतं. ती इवलीशी वीज चिपला क्षणभर पुरते. तेवढ्या क्षणात चिप आपल्या वेटोळ्यावरचा भार ठरावीक तालात कमी-जास्त करते. त्यामुळे वाचकाच्या क्षेत्रात सूक्ष्म चढउतार होतात, आणि त्या चढउतारांतून वाचकाला तिचा क्रमांक कळतो. विचारणाऱ्यानेच ऊर्जा द्यायची आणि त्याच ऊर्जेवर उत्तर मिळवायचं, अशी ही करामत.

या कल्पनेचा एक जुना आविष्कार कादंबरीत शोभेल असा आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचं कोरीव लाकडी चिन्ह भेट दिलं. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं. आत लपवलेलं उपकरण लेऑन तेरेमिन या रशियन संशोधकाने बनवलं होतं. त्यात बॅटरी नव्हती की वायर नव्हती. बाहेरून त्यावर रेडिओ लहरी सोडल्या की ते खोलीतलं बोलणं त्या लहरींवर चढवून परत पाठवायचं. एरवी ते निपचित. त्यामुळे १९५२ पर्यंत ते कुणाला सापडलं नाही.

आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीच्या काचेला चिकटलेला फास्टॅग याच कुळातला. तो वेगळ्या वारंवारतेच्या लहरींवर चालतो आणि काही मीटरवरून वाचला जातो, पण त्यालाही बॅटरी नाही. टोलनाक्यावरच्या वाचकाच्या लहरीच त्याला जागं करतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला आणि एका कागदी पट्टीला देशभर पैशाचं मोल आलं. डिस्नेनेही 'रॅपिड फिल'च्याच सुमारास, २०१३ मध्ये, पाहुण्यांच्या मनगटावर चिपचा पट्टा बांधायला सुरुवात केली होती. खोलीचं दार, पार्कचं फाटक, दुकानातली खरेदी, सगळं त्या पट्ट्यावर. मग ही त्या मोठ्या बदलातली एक छोटी कडी.

यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही

चिप आली आणि जुना मग भरायचा की नाही हा वाद एका फटक्यात मिटला. जुन्या मगाला तोटी दादच देत नाही. पण चिपला फक्त मग ओळखता येतो. पिणारा ओळखता येत नाही. पेय मालकाच्या घशात गेलं की त्याच्या बायकोच्या, की यंत्रापासून चार पावलांवर दुसऱ्या पेल्यात ओतलं गेलं, हे तिला कळायला काही मार्ग नाही. म्हणजे दोन अटींपैकी दिवसांची अट यंत्राने पेलली आणि माणसाची अट पूर्वीसारखीच माणसांवर राहिली.

ओरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांनी या अडचणीवर फार चतुर तोडगा काढला आहे. तिथे कोका-कोलाची फ्रीस्टाइल यंत्रं आहेत. ही यंत्रं २००९ साली आली. औषधाचे अतिसूक्ष्म थेंब मोजून देणाऱ्या वैद्यकीय उपकरणांचं तंत्र त्यांत वापरलं आहे आणि त्यामागे डीन केमन या अमेरिकन संशोधकाचा हात आहे. छोट्या छोट्या कार्ट्रिजमधले अर्क थेंबाथेंबाने मिसळून एकच यंत्र शंभराहून जास्त पेयं देतं. तिथला चिपवाला पेला एका दिवसासाठी चालू होतो आणि एकदा भरला की पुढची दहा मिनिटं यंत्र त्याला पेय देत नाही. कोण पितं आहे हे यंत्राला दिसत नाही, पण किती वेगाने प्यायलं जातं आहे हे दिसतं. एका माणसाला पेला संपवायला दहा मिनिटं सहज लागतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाला हा नियम जाणवतही नाही. चौघांच्या कुटुंबातल्या शेवटच्याला मात्र एका पेल्यावर तीस मिनिटं थांबावं लागेल. माणूस न ओळखता माणसाची अट पाळायला लावणारा हा नियम ज्याने सुचवला, त्याला दाद दिली पाहिजे.

नियम यंत्राकडे गेला की माणसाचं काय होतं

एखादी गोष्ट विश्वासावर चालत असेल आणि तिथे अचानक दंड किंवा कुलूप आलं, तर माणसं जास्त प्रामाणिक होतात का? इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थतज्ज्ञांनी हे तपासलं. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, आणि बाईंना थांबून राहावं लागे. दहापैकी सहा पाळणाघरांनी उशिराबद्दल छोटासा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. जवळपास दुप्पट झाला. पूर्वी उशीर झाला की पालकांना ओशाळवाणं वाटायचं. आता त्यांनी उशीर विकत घेतला होता. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर परत आला नाही. भीड एकदा मोडली ती मोडलीच.

मगाच्या बाबतीत मला हाच धोका दिसतो. विश्वासाच्या काळात प्रश्न असायचा, 'हे बरोबर आहे का?' चिपनंतर तो 'हे यंत्र देतंय का?' असा झाला. यंत्राने दिलं म्हणजे आपला हक्क, असं समजणं सोपं असतं. पण तोटी उघडली याचा अर्थ एवढाच की मगाचे दिवस अजून संपलेले नाहीत. एका मगावर चौघांची सहल काढणं रास्त आहे, असं तिने कुठेही म्हटलेलं नाही.

तरीही माणसांमधली न्यायाची ओढ इतकी सहज मरत नाही, आणि त्याचा पुरावा म्हणजे हा वादच. ज्यांचं स्वतःचं एका सेंटचंही नुकसान झालेलं नाही, ती माणसं दुसऱ्याच्या जुन्या मगावर का चिडायची? एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. चार-चार जणांच्या गटांना पैसे देऊन सामायिक निधीत घालायला सांगितलं. निधी वाढला की फायदा चौघांत सारखा वाटला जायचा, स्वतः काहीही न घालणाऱ्यालासुद्धा. नंतर प्रत्येकाला मुभा दिली की स्वतःच्या खिशातले पैसे खर्चून तो फुकट्याला दंड करू शकेल. प्रत्येक फेरीत गट बदलायचा, पुन्हा तीच माणसं भेटायची नाहीत, दंड करून स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी लोकांनी पदरमोड करून दंड केले, आणि दंडाची सोय असताना निधीत भर घालण्याचं प्रमाण खूपच वाढलं. फुकट्याचा राग येणं हा माणसाचा कोतेपणा नाही. त्याच रागावर अनोळखी माणसांचं सहकार्य उभं राहतं.

म्हणून जुन्या मगावर चिडणाऱ्याला मी क्षुद्र म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने प्रश्न कोल्याचा नसतो. रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकच नियम पाळावा, एवढंच त्याला हवं असतं.

घ्यावा की न घ्यावा

आता व्यवहाराचं. पाच पेले प्यायलात की मगाचे पैसे वसूल, हे गणित कुणीही करेल. पण ठरलेली रक्कम आधी भरताना माणूस स्वतःबद्दल फार उदार अंदाज बांधतो. स्टेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. महिन्याला सत्तरहून जास्त डॉलर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच यायचे. म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडायचे, जेव्हा तिथेच दहा डॉलरच्या हिशेबाने सुट्या खेपांचा पास मिळत होता. मगाचंही तसंच. दिवसभर थीम पार्कात भटकणारा माणूस हॉटेलवर फक्त सकाळी आणि रात्री असतो, आणि पार्कात मग चालत नाही. तलावाकाठी दिवस घालवणाऱ्याला किंवा सकाळी दोनदा कॉफी लागणाऱ्याला तो परवडतो. जेवणाची योजना घेतलेल्या पाहुण्याला मग योजनेतच मिळतो, त्याने वेगळा घ्यायचं कारण नाही. आणि थीम पार्कातल्या चटपट खाण्याच्या काउंटरवर पेलाभर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, हे तिथल्या उन्हात चालणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

वसूल करण्याच्या नादाला आणखी एक बाजू आहे. साध्या कोल्याच्या ३५५ मिलिलिटरमध्ये ३९ ग्रॅम साखर असते. फ्रान्सने जानेवारी २०१७ पासून गोड पेयं फुकट किंवा एकरकमी पैशांत अमर्याद द्यायला बंदी घातली. पेय स्वस्त असलं तरी शरीराला ते स्वस्त पडत नाही, असा हा विचार. मालकाच्या बाजूने पुढच्या पेल्याचा खर्च शून्य असेलही. पिणाऱ्याच्या बाजूने तो कधीच शून्य नसतो. ओईंच्या गणितात नसलेली ही रक्कम फ्रान्सने हिशेबात धरली.

इतकं सगळं पाहिल्यावर मूळ वादाबद्दल माझं मत पक्कं आहे. मुदतीचा नियम न्याय्य आहे, कारण विकला गेला तो दिवसांचा हक्क, आणि पडद्यावर उरलेले दिवस दाखवून चिपने तो हक्क पहिल्यांदाच डोळ्यांना दिसेल असा केला. माझ्या लेखी तिचं खरं काम हेच. चोर पकडणं दुय्यम. पोराच्या मगातला एक घोट बापाने घेतला तर त्यात काही बिघडत नाही. चौघांनी ठरवून एकच मग घेतला तर ते बरोबर नाही. पण कंपनीकडेही एक देणं शिल्लक राहतं. डिस्नेच्या मगाची मुदत संपली की पुढच्या सहलीला नवा मग घ्यायचा, अशी पद्धत राहिली आहे. युनिव्हर्सलमध्ये तोच पेला थोडे पैसे भरून दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा चालू करता येतो. ज्या चिपला मुदत संपल्याचं कळतं, तिला ती वाढवल्याचंही कळू शकतं. भांडं धडधाकट आहे, मालक पैसे द्यायला तयार आहे, तेव्हा संपलेला हक्क त्याच भांड्यात पुन्हा भरून द्यायला हवा. तेवढं झालं तर जुना मग घेऊन येणारा आणि त्याच्यावर चिडणारा, दोघंही एकाच रांगेत बिनघोर उभे राहतील.